साताऱ्याच्या वाड्यात तीस वर्षे उभी असलेली फियाट ११०० डिलाइट : कामाचा क्रम कसा असावा?

माहुलीकर

साताऱ्यातील आमच्या जुन्या वाड्याच्या पडवीत १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट १९९३ पासून एका जागी उभी आहे. आजोबांनी घेतलेली ही गाडी पुढे थोरल्या काकांनी वापरली, आणि त्यांची बदली झाल्यावर तिच्यावर जी ताडपत्री पडली ती वाड्याची वाटणी होईपर्यंत निघाली नाही. आता गाडी माझ्या वाट्याला आली आहे. ती विकायची नाही, आणि वरातीपुरती चकचकीत करून ठेवण्यातही मला रस नाही. स्वतःच्याच इंजिनावर आणि भरवशाच्या ब्रेकवर तिने साताऱ्याहून वाईला जाऊन यावे, एवढी नेमकी अपेक्षा ठेवून हा धागा काढत आहे.

ज्यांना ही गाडी मुंबईची काळी-पिवळी म्हणूनच आठवते, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० बनवायला घेतली. पन्नासच्या दशकातले तिचे गोलसर रूप आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखले जाते. १९६४ मध्ये आलेली डिलाइट त्याच घराण्यातली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक ही रचना पद्मिनीतही कितीतरी वर्षे तशीच राहिली. त्यामुळे पद्मिनीचे बरेच सुटे भाग हिला चालतात, आणि १९६७ सालची गाडी आज उभी करणे शक्य वाटते ते मुख्यतः याच कारणाने.

आता गाडीची स्थिती सांगतो. पडवीचा अर्धा भाग शहाबादी फरशीचा आणि अर्धा शेणाने सारवलेल्या मातीचा आहे. गाडीचे मागचे अर्धे अंग फरशीवर होते आणि पुढचे मातीवर, आणि गंजाची सीमारेषा बरोबर तिथेच पडली आहे. मागच्या सीटखालचा पत्रा टणक आहे, त्यावर मूळ रंगही शिल्लक आहे. पुढे मात्र चालकाच्या पायाखालची चटई उचलली तेव्हा तिच्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे वर आले, आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक जराशा दाबाने आरपार गेले. दरवाजांखालची पेटीसारखी बंद पट्टी दोन ठिकाणी पोकळ वाजते. डॅशबोर्डमागच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत. ब्रेकचे पेडल तळाला जाते. टाकीचे झाकण उघडले की पेट्रोलऐवजी टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो. पंखा धरून इंजिन फिरवून पाहिले, तर पंखा फिरतो पण इंजिन सुटे आहे की जाम, हे काही कळत नाही.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्यांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून दुसऱ्या गिअरमध्ये ओढण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या एकांनी इंजिन काढून नव्या गाडीचे बसवण्याचा आग्रह धरला. मी अद्याप बॅटरीसुद्धा जोडलेली नाही. जी गाडी तीस वर्षे थांबली ती आणखी काही महिने थांबल्याने तिचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते घाईने, असे माझे ठाम मत आहे. म्हणून जाणकारांना विचारतो की पहिला हात कुठे घालावा, मूळ रंग कितपत राखावा, आणि कागदपत्रांचे काय करावे.

पाना_दहा_अकरा

माहुलीकर, आपण बॅटरी जोडली नाहीत हे फार चांगले केलेत. सांगलीत माझे सगळे आयुष्य गॅरेजमध्ये गेले आणि त्यात फियाटी पुष्कळ येऊन गेल्या, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पंखा फिरवून इंजिनाची परीक्षा होत नाही, कारण इतक्या वर्षांनी पट्टा सैल आणि गुळगुळीत झालेला असतो आणि तो पुलीवरून नुसता घसरतो. सर्वप्रथम चारही प्लग काढा. गाडी उभी राहिली त्या क्षणी ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा होता, त्यात दर पावसाळ्यात दमट हवा शिरत राहिली. त्यामुळे बहुधा एकाच सिलिंडरमध्ये गंज जास्त असतो आणि त्याच्याच पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरून बसतात. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल प्रत्येक सिलिंडरमध्ये भरा आणि ते मुरू द्या. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळूनही हे काम उत्तम होते, परंतु ॲसिटोन पटकन पेट घेते, म्हणून बंद पडवीत ते वापरू नका. पातळी उतरली की पुन्हा भरा.

तेल मुरत असताना वरचे रॉकरचे झाकण उघडा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि नुकसान तिथेच होते. व्हॉल्वचे दांडे मार्गदर्शक नळीत चिकटलेले असतात. इंजिन जबरदस्तीने फिरवले की खालून कॅम ढकलतो, वर व्हॉल्व हलत नाही आणि मधली ढकलदांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो. ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याच्या सल्ल्यातला धोका हाच आहे. इंजिनाला तेल मिळालेले नसते, रिंगा धरलेल्या असतात आणि सगळ्या गाडीचे वजन त्या नाजूक भागांवर झटक्याने येते. रिंग तुटून भिंतीवर ओरखडा उठला की बोअर केल्यावाचून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केल्यावाचून, गत्यंतर नसते. लाकडी मुठीने प्रत्येक व्हॉल्व हलकेच दाबून तो स्प्रिंगने परत वर येतो का हे पाहा; जो येत नाही त्याच्या दांड्यावर तेल सोडत राहा.

इंजिन फिरवताना लांब पान्याने पुलीच्या बोल्टवर जोर करू नका. टॉप गिअर घाला, मागचे एकच चाक जॅकवर घेऊन त्याखाली पक्का ठोकळा लावा, दुसरे चाक जमिनीवर राहू द्या आणि उचललेले चाक हाताने पुढे-मागे हलवा. हाताला जोराचा अंदाज असतो, दांड्याला नसतो. सुरुवातीला केसभर हलेल. तेवढ्यावर थांबा, तेल घाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवा. अशा रीतीनेही सुटले नाही तर हेड उतरवा, पण ॲल्युमिनियमचे हेड ठोकून काढू नका. पाण्याच्या वाटा खाल्ल्या गेलेल्या असतात, आणि स्टडभोवती साठलेला पांढरा क्षार हेडला पकडून ठेवतो.

इंजिन सुटले तरी लगेच चालू करायचे नाही. खालचे तेलाचे चेंबर उतरवा. त्यात शेणकाल्यासारखा काळा गाळ हमखास सापडेल, आणि तो गाळ तेलाच्या पंपाची जाळी बंद करतो. चेंबर धुऊन नवे तेल भरा, प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवा आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. तो विझला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत तेल पोहोचले. त्यानंतरच ठिणगी आणि पेट्रोल.

कृष्णाकाठ

वरील प्रतिसादाला जोडून आम्हा सांगलीकरांचा एक अनुभव नोंदवतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत आमच्याकडील अनेक जुन्या गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या होत्या. साताऱ्याची गाडी पुरातली नाही, पण उद्या कोणी सुट्या भागांसाठी दुसरी फियाट घेतली तर हे तपासावे. पुरातील गाडीला बाहेरून रंग देता येतो. दरवाजाच्या आतल्या पुठ्ठ्यामागे मात्र कृष्णेच्या गाळाची पिठासारखी बारीक, तपकिरी रेघ राहतेच. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. बंद पट्ट्यांमध्ये साठलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो, त्यामुळे वरून निरोगी दिसणारी पट्टी वर्षभरात फुटते.

विश्रामबाग

माझे मत वेगळे आहे. गाडी वापरायची असेल तर जुन्या इंजिनाचा आणि ड्रम ब्रेकचा हट्ट कशासाठी? आजच्या छोट्या गाडीचे इंजिन, पाच गिअर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले तर महामार्गावर ती निर्धास्त चालेल, सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतील आणि रंगही नवा, टिकाऊ देता येईल. बाहेरून रूप तेच राहील. सुरक्षितता ही भावनेपेक्षा मोठी गोष्ट आहे आणि घरची माणसे बसणार असतील तर ती डावलता येत नाही.

माहुलीकर

विश्रामबाग, सुरक्षिततेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी इंजिनाआधी ब्रेक करणार आहे. परंतु सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी आखलेल्या सांगाड्यात दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले, तर मागचा ॲक्सल, स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि ब्रेक या सगळ्यांवर मूळ हिशेबाबाहेरचा ताण येतो. मग एकेक भाग बदलत जावे लागते आणि अखेरीस आजोबांच्या गाडीचा फक्त पत्रा उरतो. शिवाय हे इंजिन काही दुर्मिळ परदेशी यंत्र नाही. बोअर संपले असले तरी ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे आतून बसणारी नवी नळी किंवा लायनर, घालता येते, आणि लायनर बनवण्याच्या धंद्यात तर साताऱ्याचे नाव आहे. कूपर यांनी १९२२ मध्ये इथे सुरू केलेल्या कारखान्याच्या परंपरेत सिलिंडर लायनर आजही तयार होतात. लेथ, बोअरिंग आणि ओतकामासाठी कोल्हापूरचे उद्यमनगर आपल्यापासून काही तासांवर आहे. आपल्या भागात दुरुस्तीची एवढी विद्या उपलब्ध असताना इंजिन काढून टाकणे मला पटत नाही.

पाना_दहा_अकरा

ब्रेकचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्या काळच्या फियाटला पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणारे एकच मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांना मिळून एकच वाट आहे. आजच्या गाडीत एक वाट फुटली तर दुसरी शिल्लक राहते. इथे एका चाकाचे सिलिंडर गळले की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून ‘पुढचे दोन आत्ता करू, मागचे नंतर पाहू’ असे या गाडीत चालत नाही. मास्टर, चाकांची सगळी सिलिंडरे, रबरी होज आणि लोखंडी नळ्या असे सगळे एकदम करा.

ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्या तेलाचा तो १४० पर्यंत उतरलेला चालतो, आणि तीस वर्षांच्या तेलाबद्दल तर बोलायलाच नको. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना ड्रम तापले, तेल आत उकळले आणि वाफ झाली की पेडल मऊ पडून तळाला जाते. त्याच ओलीने सिलिंडरच्या आत खड्डे पडतात. खड्डे पडलेल्या सिलिंडरला नुसता पॉलिश पेपर मारून नवे रबर घालणारे लोक आहेत. ते रबर खड्ड्यावर घासून लवकर फाटते. एक तर नवे सिलिंडर मिळवा, नाही तर जुन्याला पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून घ्या. होज बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलाच, कारण ते आतून सुजतात, तेल चाकाकडे जाऊ देतात पण परत येऊ देत नाहीत, आणि ब्रेक धरून राहतो.

ड्रम उघडताना एक काळजी अवश्य घ्या. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. आमच्या पिढीला हे कोणी सांगितले नाही, म्हणून मी प्रत्येक मुलाला सांगतो.

प्रीतिसंगम

कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण वडिलांच्या गाडीसाठी कराडला मी या वाटेने गेले आहे. माहुलीकर, आपल्याकडे मूळ नोंदणी पुस्तक असेल तर अर्धे काम झाले असे समजा. गाडी दिवंगत व्यक्तीच्या नावावर असल्यास आधी वारसाच्या नावे हस्तांतरण करावे लागते. त्यासाठी नमुना ३१ असतो, आणि सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. वाटणीपत्रात गाडीचा उल्लेख आहे का, हे आजच पाहून ठेवा.

त्यानंतर आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नेहमीच्या नूतनीकरणाचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे निरीक्षकांनी गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी ती वाढवली जाते. अर्ज नमुना २५ मध्ये करतात. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. विलंबाचा दंड आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरा मार्ग २०२१ च्या केंद्रीय नियमांतला आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते, जुना नंबर कायम ठेवता येतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. आपली गाडी वयाने यात बसते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. आपल्याला वाईला जाऊन यायचे आहे, त्यामुळे मला पहिला मार्ग योग्य वाटतो.

विश्रामबाग यांनी सुचवलेल्या बदलांबाबत एवढेच, की व्हिंटेजच्या नियमात चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी बसत नाही. उद्या मन बदलले तरी तो दरवाजा उघडा राहावा असे वाटत असेल तर मूळ इंजिन राखणे शहाणपणाचे आहे. इंजिन आणि चॅसिसवरचे क्रमांक पुस्तकाशी जुळतात का, ते रंगकाम सुरू होण्यापूर्वी घासून, वाचून, छायाचित्र काढून ठेवा. त्यांच्यावर पुट्टी चढली की निरीक्षकांपुढे अडचण येते.

माहुलीकर

प्रीतिसंगमताई, आपला प्रतिसाद छापून गाडीच्या फाइलला लावला आहे. वाटणीपत्रात गाडीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि दोन्ही क्रमांक पुस्तकाशी जुळतात. आपण म्हणता तसा नेहमीच्या नूतनीकरणाचाच मार्ग धरणार आहे.

काम कुठवर आले ते सांगतो. पाना_दहा_अकरा यांच्या पद्धतीने इंजिन सुटले. पुढून तिसरे सिलिंडर धरून बसले होते आणि त्याचाच एक व्हॉल्व अर्धवट उघडा होता. अंदाज तंतोतंत खरा ठरला. भिंतीवर गंजाचा डाग आहे, पण नखाला खाच लागत नाही, त्यामुळे तूर्त बोअरिंग टळले असे दिसते. पुढे एक नवीच अडचण आली. क्लच दाबला तरी चाकाबरोबर इंजिन फिरते, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

पत्र्याचे कामही विचारपूर्वक सुरू केले आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पट्ट्या आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. त्यामुळे कुजलेला तळ सरसकट कापला तर गाडी मध्ये खचते आणि मग दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. आमच्या डेंटरनी आधी दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, मग एका बाजूचाच कुजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापला आणि त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवला. गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरून पत्रा वाकतो, म्हणून ते टाळले. प्रत्येक टप्प्यानंतर ते दरवाजा लावून फट पाहतात. वरपासून खालपर्यंत फट सारखी दिसली तरच पुढे जातात. अशा माणसाच्या हाती काम आहे याचे मला फार समाधान वाटते.

रंगाबाबत मी निर्णय घेतला आहे. छप्पर, डिकी आणि मागचे दरवाजे यांवरचा मूळ फिकट राखाडी रंग साबणाच्या पाण्याने धुऊन हाताने हलके कंपाउंड मारल्यावर उजळला आहे. तो तसाच ठेवणार आहे. जिथे नवा पत्रा घातला तिथेच इपॉक्सी प्रायमर आणि त्या छटेचा रंग द्यायचा, आणि बंद पट्ट्यांमध्ये मेणासारखे गंजरोधक फवारून पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी ठेवायची. दोन छटांमध्ये थोडा फरक दिसेल. तो दिसलेला मला चालेल, कारण रंग एकदा खरवडला की कारखान्यातून आलेली शेवटची खूणही गेली.

विश्रामबाग

रंगाबद्दलची आपली भूमिका वाचून माझे मत बदलले आहे. मूळ रंग इतका शिल्लक असेल तर तो खरोखर राखायला हवा. डिस्क ब्रेकबद्दल मात्र मी अजूनही आग्रही आहे, निदान दुहेरी मास्टर सिलिंडरचा तरी विचार करावा.

पाना_दहा_अकरा

विश्रामबाग यांची दुहेरी मास्टरची सूचना चांगली आहे, आणि अनुभवी हात असेल तर ते करता येते. मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब नीट जुळला नाही तर पावसात मागची चाके आधी धरतात आणि गाडी फिरते. जोडणी जाणकाराकडूनच व्हावी, अन्यथा मूळ रचनाच नव्या सामानासह ठेवावी आणि हँडब्रेक उत्तम करून घ्यावा.

क्लचसाठी गिअरबॉक्स लगेच उतरवू नका. पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची दांडी अडकवा आणि काही दिवस तसेच राहू द्या. अधूनमधून टॉप गिअरमध्ये चाक हातांनी पुढे-मागे हलवा. पुष्कळदा प्लेट अशीच सुटते. नाहीच सुटली तर उतरवा, पण मग नवी प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी घाला.

आता पेट्रोलबद्दल. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांना त्याचा फायदा आहे, पण आपली गाडी अशा इंधनासाठी बनलेली नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे. इथेनॉल जुनी रबरे मऊ करते, पाणी ओढते आणि टाकीत तळाला बसलेले जुने राळेसारखे थर सोडवून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, आणून बसवते. म्हणून टाकी उतरवून आतून पूर्ण स्वच्छ करून घ्या. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा, म्हणजे आम्ही ज्याला एसी पंप म्हणतो त्याचा, पडदा बदला. होज इथेनॉल सोसणारे, इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात त्या दर्जाचे घ्या. सोलेक्स कार्बोरेटर उघडून जेट तारेने टोचू नका, फुंकून आणि द्रावणाने साफ करा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, प्लग पांढरे पडू लागतात. तसे दिसले तर मुख्य जेट एका मापाने मोठा घालून पाहा. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तेव्हा कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

कृष्णाकाठ

रेडिएटरचे कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. पितळेचा जुना रेडिएटर उकळून साफ करून घ्यावा की नवा ॲल्युमिनियमचा बसवावा?

पाना_दहा_अकरा

जुना तांब्या-पितळेचाच ठेवा. वरची टाकी डाग उकलून काढता येते, नळ्यांमधून सळई घालता येते आणि पुन्हा डाग देता येतो. हे काम करणारे कारागीर मिरज-सांगलीत अजून आहेत. पण रेडिएटर साफ करून ब्लॉक तसाच ठेवला तर ब्लॉकमधला गंजाचा चिखल पहिल्याच आठवड्यात रेडिएटरमध्ये येऊन बसतो. ब्लॉकच्या बाजूची पाणी सोडायची तोटी उघडा, तार घालून मोकळी करा आणि हेडकडून उलट्या दिशेने पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचे. नंतर साधे पाणी न भरता कूलंट भरा, कारण बीड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की साध्या पाण्यात हेड खाल्ले जाते.

माहुलीकर

सर्वांचे मनापासून आभार. क्लच दांडी लावून सुटला. ब्रेकची सगळी सिलिंडरे स्लीव्हसाठी कोल्हापूरला दिली आहेत आणि नळ्या नव्या टाकल्या आहेत. इंजिन पडवीतच चालू झाले. तेलाचा दिवा विझला, तिसऱ्या सिलिंडरचा आवाज बाकीच्यांसारखाच येतो आहे आणि सुरुवातीचा निळसर धूर हळूहळू कमी झाला. गाडी मात्र ब्रेक परत येईपर्यंत एक फूटही हलवणार नाही. टायर जुने, कडक आणि एका बाजूला चपटे झालेले आहेत, ते चारही बदलत आहे. पहिल्या फेरीसाठी रस्ता कोणता निवडावा, हे मात्र विचारायचे राहिले.

पाना_दहा_अकरा

घाट नको आणि महामार्गही नको. सकाळी लवकर कोरेगावच्या रस्त्याला निघा आणि सोबत दुसरी गाडी ठेवा. आधी वाड्याच्या बोळात चालण्याच्या वेगाने ब्रेक दाबून पाहा, मग थोडे अंतर जाऊन थांबा आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तो ब्रेक धरतो आहे. तिथूनच परत फिरा आणि तेवढे एक चाक उघडा. पहिल्या फेरीनंतर चाकांचे नट, हेडचे बोल्ट आणि होजच्या क्लिपा पुन्हा आवळा, कारण नवे गॅस्केट आणि नवी रबरे एकदा तापल्यावर बसतात. चेंबरमधले तेल थोडक्या अंतरानंतरच बदला. आत राहिलेला गाळ त्याच तेलाबरोबर निघून जातो. ड्रम काढाल तेव्हा त्यांचे आतले व्यास मोजून इथे टाका, लायनिंग कोणत्या जाडीचे घ्यायचे ते सांगतो.